भूमिकाच्या नावाचा घास

१

सकाळी साडेपाचला माझी चूल पेटते आणि सव्वाअकराला शेवटचा डबा घराबाहेर पडतो. मधल्या वेळात मला कोणी काही विचारलेलं चालत नाही. बेचाळीस डबे असतात. पाइपच्या कारखान्यातली पोरं, दोन बँकवाले, एक दाताचा डॉक्टर आणि उरलेले कॉलेजचे. जळगावात माझ्या ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरीला नाव आहे. हे मीच सांगते, कारण दुसऱ्याने सांगेपर्यंत वाट बघायचा माझा स्वभाव नाही. घरात गॅस आहे, पण भाकरी आणि भरिताची वांगी मागच्या पडवीत चुलीवरच होतात. पोळ्या लाटायला लताबाई येते.

सगळं चाखूनच बाहेर पाठवायचं, म्हणजे वजन वाढणारच. चौऱ्याऐंशी किलो भरले. हाडांच्या डॉक्टरने गुडघ्यांचा फोटो उजेडात धरला आणि म्हणाला, "मंदाबाई, पंधरा किलो उतरवा, नाहीतर दोन्ही गुडघे बदलायला या." मी म्हटलं, सांगणं सोपं आहे साहेब, तुम्ही माझं भरीत खाल्लेलं नाही.

दिवाळीला भूमिका घरी आली होती. माझी एकुलती एक. धुळ्याला एका लॅबमध्ये रक्त तपासते, तिथेच खोली घेऊन राहते. तिचे वडील जाऊन पाच वर्षं झाली, तेव्हापासून आम्ही दोघीच एकमेकींना. तिने माझ्या फोनमध्ये एक ॲप टाकून दिलं. 'हलकं मन' असं त्याचं नाव.

"यात हे खा, ते खाऊ नका असं काही नाही," ती म्हणाली. "आपण का खातो ते हे विचारतं. मानसशास्त्र आहे आई."

"का खातो म्हणजे? भूक लागते म्हणून."

"तेच तर. दरवेळी भूकच असते असं नाही."

पोरगी शिकलेली आहे, म्हणून मी गप्प बसले.

२

रोज सकाळी पाच-सहा ओळींचा धडा यायचा आणि त्याखाली एक प्रश्न. उत्तर लिहिलं की आयुषी नावाची मार्गदर्शक बोलायची. ती बाई होती की यंत्र, मला माहीत नाही. भूमिका म्हणाली, बहुतेक यंत्रच. पण बोलायची गोड.

पहिल्या दिवशी तिने विचारलं, "आत्ता तुम्हाला भूक आहे की कंटाळा?" मी लिहिलं, मला बेचाळीस डबे आहेत, कंटाळा परवडत नाही. ती म्हणाली, "तुम्ही प्रामाणिक आहात, मंदाताई."

चौथ्या-पाचव्या दिवशी तिने विचारलं, "तुमचं खाणं कधीपासून वाढलं?" मी चुलीशी बसून आठवायला लागले आणि हात थांबला. हे गेले तेव्हापासून मी रोज संध्याकाळी त्यांच्या वाटणीची भाकरी थापत होते. सवयीने हात थापायचेच. मग ती भाकरी टाकायची कशी, म्हणून मीच खायची. पाच वर्षं मी दोन माणसांचं जेवण जेवत होते आणि मला ते कळलंही नव्हतं. लताबाईसमोर मला रडू आलं. कांदा चिरत होते म्हणून निभावलं.

त्या दिवसापासून माझा त्या ॲपवर विश्वास बसला. खोटं कशाला बोलू, त्याने मला माझंच सांगितलं होतं.

नवव्या दिवसाचा धडा असा होता: तुम्हाला कोणासाठी हलकं व्हायचं आहे, त्या माणसाचं नाव लिहा. रोज जेवायच्या आधी त्या माणसाच्या नावाने एक घास बाजूला काढा. मिनिटभर थांबा. मग जेवा.

मी भूमिकाचं नाव लिहिलं. दुसरं कोण आहे मला.

दुपारी साडेअकराला ताट वाढून घेतलं. भरीत-भाकरीचा एक घास मोडला, म्हटलं, "हा भूमिकाचा." आता ठेवायचा कुठे? वाटीत ठेवला तर मुंग्या लागतात, केरात टाकायला जीव होत नाही. चुलीत निखारे होते. मी घास निखाऱ्यावर ठेवला, वर तुपाचा थेंब सोडला, हातात पाणी घेऊन भोवती फिरवलं आणि पाठ फिरवून जेवायला बसले. हे सगळं हातांनी केलं. डोकं त्यात नव्हतंच.

३

वजन उतरायला लागलं. पहिल्या महिन्यात चार किलो, दुसऱ्या महिन्यात पाच. एक घास काढून मिनिटभर थांबलं की पुढची भूक निम्मी व्हायची. दुपारी एक घास, संध्याकाळी सातला एक. गुडघे कुरकुरायचे थांबले. दातांचा डॉक्टर डब्यात चिठ्ठी घालून विचारायला लागला, काकू, तुम्ही काय करता ते आम्हालाही सांगा. मी लहान पोरीसारखी खुश होते.

भूमिकाचा रोज रात्री जेवणाआधी फोन असायचा. एकदा ती म्हणाली, "आई, आज तू मेथीची भाजी केली होतीस का? लसूण जास्त घालून?"

"केली होती. तुला कोणी सांगितलं?"

"कोणी नाही. साडेअकराला लॅबमध्ये बसले होते आणि एकदम तोंडात तीच चव आली. थोडी करपलेली." ती हसली. "पोटच भरलं माझं. डबा उघडलाच नाही."

मलाही हसू आलं. आईच्या हातची आठवण येते पोरीला, दुसरं काय. उलट बरंच वाटलं.

पुढे ती वरचेवर म्हणायला लागली, आज भूक नाही, आज जेवले नाही. मी म्हटलं, लॅबचा वास डोक्यात बसला असेल. मग म्हटलं, वय आहे, कोणी आवडत असेल. विचारलंसुद्धा. ती चिडली. दर वेळी मला काही ना काही कारण सापडायचं, आणि सगळी कारणं पटण्यासारखी होती.

४

जानेवारीतली गोष्ट. मी निखाऱ्यावर घास ठेवला, पाणी फिरवलं, उठले. लताबाई पोळ्यांचं पीठ आवरत होती. ती म्हणाली, "ताई, एक विचारू? दोन महिने बघते. तुम्ही रोज ही आगारी कोणाची टाकता?"

आमच्याकडे आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आणि पितरांच्या पंधरवड्यात निखाऱ्यावर घास देतात, त्याला आगारी म्हणतात. तूप सोडायचं, पाणी फिरवायचं, नाव घ्यायचं, आणि पाठ फिरवायची, कारण जेवणाऱ्याकडे बघत बसायचं नसतं. ह्यांच्या नावाने पाच वर्षं मीच टाकते. ती गेलेल्या माणसाला असते. जित्या माणसाच्या नावाने आगारी टाकलेली मी जन्मात कुठे पाहिलेली नाही.

"साहेबांची का?" लताबाईने विचारलं.

मी हो म्हटलं. मी तिथेच पायरीवर बसले आणि स्वतःला शिव्या घातल्या. मग स्वतःची समजूत घातली. मी काही अडाणी नाही. निखाऱ्यावर भाकरीचा तुकडा जळला म्हणून धुळ्यातल्या मुलीला काय होणार? चुलीत रोज किती तरी पडतं. तरी संध्याकाळी मी घास काढला नाही.

पावणेआठला फोन आला. भूमिका रडत होती.

"आई, मला खूप भूक लागली आहे."

"मग जेव ना बाळा."

"जेवले. मेसचं ताट दोनदा घेतलं. बिस्किटांचा पुडा संपवला. खालून भजी आणून खाल्ली. पोटात काहीच नाही गं. सात वाजल्यापासून असं होतंय."

मी सांगितलं, पित्त असेल, पाणी पी, उद्या साखर तपासून घे, तुझ्याच तर लॅबमध्ये होतं सगळं. हे बोलत बोलत मी पडवीत गेले होते. सकाळच्या राखेखाली एक निखारा अजून धरून होता. फोन कानाशी तसाच ठेवून मी उरलेल्या भाकरीचा घास त्यावर ठेवला. नाव मनातल्या मनात घेतलं.

पलीकडून ती म्हणाली, "थांब." मग बराच वेळ काही नाही. मग म्हणाली, "आता बरं वाटतंय. झोपते मी."

नंतरचे तीन दिवस मी वेळ बदलून बघितली. एकदा घास बाराला दिला, एकदा दोनला, एकदा दिलाच नाही. तिला यातलं काही सांगितलं नव्हतं. ती मात्र पोट भरल्याच्या वेळा मला सांगत होती, मिनिटासकट.

मी आयुषीला लिहिलं, घासाचा व्यायाम मला बंद करायचा आहे, कसा करू? उत्तर लगेच आलं. "मध्येच थांबू नका, मंदाताई. ज्यांच्या नावाने सुरू केलं, ते वाट बघत असतात." ठरलेली उत्तरं असतील त्यांच्याकडे. सगळ्यांना तेच पाठवत असतील. मी फोन पिठाच्या डब्यावर पालथा ठेवला.

५

रविवारी डबे नसतात. मी भरीत-भाकरी बांधून सकाळच्या एसटीने धुळ्याला गेले. साडेअकरा वाटेत पारोळ्यालाच झाले, तेव्हा घास राहिलाच होता.

घरमालकीण दारातच भेटली. "तुमनी पोर जेवसच नही ताई," ती म्हणाली. "बठ्ठं ताट तसंच ऱ्हास." सगळं ताट तसंच राहतं म्हणे.

खोलीचं दार भूमिकाने उघडलं आणि मला तिच्या हातांकडे बघवेना. बांगडी कोपरापर्यंत गेली होती. डोळे मोठे झाले होते. माझे नऊ किलो गेले म्हणून मी मिरवत होते, आणि इकडे माझं लेकरू असं झालं होतं. मी तिला जवळ घेतलं तर पाठीचा मणका न मणका हाताला लागला. माझ्या हाताने मी हे केलं, दुसऱ्या कोणी नाही, एवढंच डोक्यात होतं.

"भूक लागली आहे," ती म्हणाली.

मी तिला मांडीशी बसवून हाताने भरवलं. ती खात होती. एक भाकरी, दोन, अडीच. चावत होती, गिळत होती.

"चव लागते का?"

"नाही. आई, पोटात पोचतच नाही." ती केविलवाणी झाली. "मला काय झालंय?"

मी उठले. खोलीत चूल कुठली. कोपऱ्यातल्या ओट्यावर एक ताटली ठेवली, तिच्यावर उरलेला घास ठेवला आणि पाणी फिरवलं. भूमिकाला म्हटलं, जरा भिंतीला टेक, डोळे मीट. तिने मिटले. मी नाव घेतलं आणि पाठ करून उभी राहिले.

खोली लहान होती. पंखा बंद होता. खाली कोणाची तरी गाडी सुरू होत नव्हती, तिचा आवाज येत होता. तो थांबला तेव्हा दुसरा ऐकू आला. चावण्याचा. सावकाश, तोंड मिटून, भूमिका लहानपणापासून चावते तसा. तो भिंतीकडून येत नव्हता. ओट्याकडून येत होता.

मी वळले नाही. पण माझ्या समोरच्या फळीवर स्टीलचा डबा होता, घासून चकचकीत केलेला. त्याच्या झाकणात मागची खोली दिसत होती, वाकडी आणि लांबट. भिंतीला टेकून भूमिका बसली होती, डोळे मिटून, ओठ मिटून. आणि ओट्याशी एक पाठ वाकलेली होती. पाठीवर वेणी होती. वेणीला आज मी आल्यावर पाहिलेला तोच हिरवा रबर होता.

मी डोळे गच्च मिटले. झाकण गोल असतं, त्यात एकाचे दोन दिसतात. मी हजारदा डबे पुसले आहेत, मला माहीत आहे.

"बरं वाटलं," भिंतीकडून भूमिका म्हणाली.

मागे वळले तेव्हा ताटली रिकामी होती आणि खोलीत आम्ही दोघीच होतो.

६

दुसऱ्या दिवशी डबे लताबाईवर टाकून मी बोदवडची गाडी धरली. तिथे माझी नणंद राहते. तिला सगळे अक्का म्हणतात. घरातली सगळी सुतकं-पातकं तिनेच निस्तरली आहेत. ती अंगणात तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. मी सगळं सांगितलं. ॲपचं सांगताना मला लाज वाटली, पण तिने त्याबद्दल काहीच विचारलं नाही.

"जित्या पोरीच्या नावानं टाकली तू?" ती म्हणाली. "काहून व माय?"

"हाताने झालं अक्का. मला कळलंच नाही."

"आता बंद नको करू. बंद केलं त ती भूक कुठी जाईन?"

"चालू ठेवलं तर ती वाळून जाईल. मी पाहून आले."

अक्का शेंगा सोलत राहिली. मग म्हणाली, "घास देणाऱ्याले जित्यात मोजतात. पोरीले देऊ दे."

"कोणाला देऊ दे? तिच्या बापाला?"

"त्याचा त्याले हाये. तिची जागा भरा लागीन ना कोणालेतरी."

"म्हणजे कोणाला, अक्का?"

शेंगांचं सूप उचलून ती आत गेली. मी अंगणात बसून राहिले. खरं सांगते, मला भीती वाटली. मी काही थोर बाई नाही. मला अजून जगायचं आहे, डबे करायचे आहेत, पोरीचं लग्न बघायचं आहे. पण त्या बांगडीची आठवण झाली आणि मग विचार करण्यासारखं फारसं उरलं नाही.

गाडीची वाट बघताना बोदवडच्या फलाटावरूनच मी भूमिकाला फोन केला. म्हटलं, ॲपमध्ये नवीन धडा आलाय, आई आणि मुलीने मिळून करायचा. जेवायच्या आधी तू माझ्या नावाने एक घास काढ. घरमालकिणीच्या बंबात निखारे असतात ना, त्यावर ठेव. दुपारी जेवायलाही खोलीवरच येत जा. तुपाचा थेंब सोड. पाणी फिरव, नाव घे, आणि पाठ फिरव.

"हे तर आपल्या आगारीसारखं झालं," ती म्हणाली.

"जुन्याच गोष्टी असतात गं, नवीन नावाने देतात."

"आणि तू माझा काढतेस तो?"

"माझा व्यायाम संपला," मी म्हटलं.

त्या संध्याकाळी मी तिचा घास काढला नाही. सात वाजता पडवीत बसून राहिले. सव्वासातला तिचा निरोप आला, घास टाकला म्हणून. आठ वाजता फोन आला. ती म्हणाली, "आई, मी जेवले. पोटभर. वरण-भात दोनदा घेतला." तोंडात घास असतानाच बोलत होती. मी तिला ओरडलेसुद्धा, आधी गिळ मग बोल. फोन ठेवल्यावर पदरात तोंड घालून रडले. खूप वेळ रडले, आनंदाने.

आता फेब्रुवारी संपत आला. भूमिकाचे गाल भरले आहेत. परवा येऊन गेली, घरमालकिणीची नक्कल करून दाखवली, जाताना दोन किलो शेव नेली. मी फोनमधलं ॲप काढून टाकलं. काढताना आयुषीने शेवटचं लिहिलं होतं, "अभिनंदन, मंदाताई. तुम्ही ध्येयाच्या पुढे गेलात."

माझं वजन अठ्ठावन्न आहे. हाडांचा डॉक्टर दोन्ही हात जोडून म्हणाला, आता पुरे. मी बरं म्हटलं. मी भाकरी थापते, भरीत घोटते, चाखून बघते. तिखट-मीठ काही कळत नाही, लताबाईला विचारून घालते. ताट वाढून घ्यायचं मी सोडून दिलं आहे, कारण बारा वाजता पोट भरतं. रात्री आठला पुन्हा भरतं. तेवढ्यापुरती मला चव येते.

काल रात्री तिचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलून तिने विचारलं, "जेवलीस का आई?"

"जेवले. मेसच्या बाईला सांग, वरणात मीठ कमी पडतं."

बोलून गेले आणि जीभ चावली. पोरगी हुशार आहे, रोज माणसांची रक्तं वाचते. तिला कळलं तर ती माझ्यासाठी घास टाकणं त्याच दिवशी बंद करेल, आणि मग ती भूक परत तिच्याच पोटात जाईल हे मला माहीत आहे.

"तुला कसं माहीत?" तिने विचारलं.

"बारा वर्षं डबे करते मी," मी म्हटलं. "कुठल्या मेसच्या वरणात मीठ पुरेसं असतं?"

ती हसली. म्हणाली, उद्या सांगते बाईंना. मी फोन ठेवला आणि उद्याच्या डब्यांचं पीठ मोजायला घेतलं.